नानांची फ्रेम

भिंतीवर एक पांढरा चौकोन होता. सोमवारी सकाळी मीटिंगच्या खोलीत शिरले, तो दिसला आणि पर्स खांद्यावरून उतरवायची राहूनच गेली. त्या भिंतीचा मूळ रंग कोणता हे सगळेच विसरले होते. वर पिवळट, खाली खुर्च्यांच्या पाठी घासून काळपट झालेली भिंत, आणि तिच्या मधोमध हा लख्ख चौकोन. दात पडल्यावर जीभ सारखी तिथंच जावी तशी माझी नजर तिथं जात होती. शिपाई स्टुलावर उभा होता, ओठांत खिळे धरून. "उतरवला, मॅडम," तो खिळ्यांआडून म्हणाला. मग खिळे हातात घेऊन नीट म्हणाला, "साहेबांनी सांगितलंय. फ्रेम, काच, सगळं पुसून ठेवतो. शुक्रवारच्या सभेआधी नवा चार्ट ह्याच फ्रेममध्ये बसवायचाय. तुम्हीच करणार ना?" मी हो म्हटलं. चार्ट मीच करणार हे मला माहीत होतं. आमच्या कचेरीत दुसरं कोण करणार? पण तो ह्या फ्रेममध्ये जाणार हे मला कुणी सांगितलं नव्हतं. टेबलावर गुंडाळी करून ठेवलेला जुना आलेख माझ्या वडिलांनी काढलेला होता.

आमची कचेरी शहराला पाणी पुरवणाऱ्या तलावाची. पाणी किती आहे, किती असायला हवं आणि किती दिवस पुरेल, एवढ्यावर ती चालते. माझे वडील, नाना, इथं आरेखक होते. घरीदारी सगळे त्यांना नानाच म्हणत. नेमणूक रेघा ओढायची, पण कचेरी लहान, म्हणून तलावाच्या काठावरच्या खुणांच्या खांबावर पाणी कुठवर आलंय ते वाचायलाही तेच जात, आणि परत येऊन तो आकडा तेच कागदावर चढवत. महिन्याला एक ठिपका, आधीच्या ठिपक्यापासून त्याच्यापर्यंत एक रेघ. नाना निवृत्त होईपर्यंत आलेखानं अर्धी भिंत व्यापली होती, मग तो फ्रेममध्ये गेला. बाहेरून कुणी मोठं माणूस आलं की त्याला आधी त्या आलेखासमोर उभं करायचं आणि मग चहा विचारायचा, अशी कचेरीची पद्धतच पडून गेली. मी मात्र नोकरीला लागल्यापासून त्या खोलीत नेहमी आलेखाकडे पाठ करून बसत आले. समोर बसलं की कामात लक्ष लागत नसे; ह्याच्यापेक्षा चांगला मी काढला असता का, एवढंच डोक्यात फिरत राही. ह्यात लाजण्यासारखं काही आहे असं मला वाटत नाही. गर्विष्ठ बापाची मी गर्विष्ठ मुलगी आहे. कुणाची चूक दिसली की माझ्याच्यानं गप्प बसवत नाही, भर सभेत साहेबांचा आकडासुद्धा मी दुरुस्त केलेला आहे, आणि माझ्या कामात चूक काढायला येणाऱ्याला मी आधी खुर्ची देते, कारण त्याला बराच वेळ लागणार असतो.

घरी बाहेरच्या खोलीत नानांचा ड्रॉइंग बोर्ड असायचा; आलेखाचं कामही ते घरी आणत. खोली एवढीशी, बोर्ड एवढा मोठा, त्यामुळे पाहुणे कडेकडेनं बसत. बोर्डावर कागद टाचला की घरात बोलायचं नाही. आईचं शिवणयंत्र बंद. तिचा पाय खालच्या पट्टीवर तसाच थांबलेला असे, हातातलं कापड सुईखाली अर्धवट. नाना श्वास रोखून रेघ ओढत आणि आम्हीही उगाचच श्वास रोखून धरत असू. शाईचा तो किंचित कडवट वास मला अजून कुठंही ओळखू येईल. त्यांचं पेन चिमट्यासारखं होतं. दोन पात्यांच्या मध्ये शाईचा थेंब सोडायचा आणि बाजूचा बारीक स्क्रू फिरवून रेघेची जाडी ठरवायची. पण ती ठरवण्याआधी नाना एकच गोष्ट विचारत, कुठं लावणार आणि कुठून बघणार? उत्तर मिळाल्याशिवाय स्क्रूला हात नाही. आणि कागद संपला की खरी कसोटी. नवा कागद जुन्याला चिकटवायचा. दोन्ही कडा ते पात्यानं खरवडून पातळ करत, एकीवर दुसरी चढवत, वर इस्त्री ठेवत. ती इस्त्री त्या दिवशी कपड्यांना मिळत नसे. वाळल्यावर, रेघ जिथं थांबली होती तिथून पुढे न्यायची. मग अंगठ्याचं नख त्या सांध्यावरून फिरवून बघायचं, आणि शेवटी उठून दारात जाऊन उभं राहायचं, डोळे बारीक करून. "सांधा दिसला तर हात कच्चा," असं ते आईला सांगत, जणू आई उद्यापासून बोर्डावर बसणार होती. आईला त्यात काडीचाही रस नव्हता. मला होता. एकदा मी पेन मागितलं. नानांनी माझा हात हातात घेतला, उलटसुलट करून बघितला, भाजीवाल्याकडची काकडी बघावी तसा, आणि म्हणाले, "अजून कच्चा आहे." मी पुन्हा कधी मागितलं नाही. त्यांनीही पुन्हा कधी विचारलं नाही. पुढे मी संगणक शिकले आणि घरात तो विषय निघेनासा झाला.

मंगळवारी मी पायथनमध्ये, म्हणजे अजगराचं नाव दिलेल्या संगणकाच्या भाषेत, प्रोग्रॅम लिहायला बसले. साहेबांना चित्रांच्या दोन फायली हव्या होत्या. एक नानांच्या आलेखाची, जसाच्या तसा नव्यानं काढून दप्तरात ठेवायची. दुसरी नव्या चार्टची, तलावात पाणी मोजायचं मशीन बसल्यापासून जे आकडे आपोआप येतात त्यांची, फ्रेमसाठी. हात बसावा म्हणून आधी नव्या चार्टला हात घातला. काम म्हटलं तर सोपं. संगणकाला आकडे द्यायचे, ह्यांची रेघ काढ म्हणायचं, रंग आणि जाडी सांगायची, आणि शेवटी हे चित्र अमुक नावानं जतन कर म्हणायचं. मी लिहिलं, चालवलं. पडद्यावर रेघ आली आणि देखणी आली. खुर्ची मागं सरकवून मी ती डोळे भरून बघितली, खिडकी बंद केली आणि जतन झालेली फाईल उघडली. पांढरी. एक ठिपकासुद्धा नाही, भिंतीवरच्या चौकोनासारखी नुसती पांढरी. मला हसूच आलं. ही नवशिक्यांची चूक. ह्याच चुकीवरून मी कितीतरी जणांना बोलले आहे. दाखव ही ओळ आधी आणि जतन कर ही नंतर लिहिली, की दाखवलेली खिडकी मिटताना चित्रही तिच्याबरोबर जातं आणि जतन होतो तो कोरा कागद. आधी जतन करायचं, मग मिरवायचं. नाना तर शाई वाळेपर्यंत बोर्डावर जुनी चादर ताणून बांधत, रेघेला लागणार नाही अशी, आणि आईलासुद्धा आत डोकावू देत नसत. मीच तेवढी मिरवायला आधी धावले. ओळींची अदलाबदल केली. फाईल उघडली तर रेघ आली होती, पण खालची वर्षांची अक्षरं कडेला अर्धी कापलेली. कडेची जागा वाढवली. लहान प्रत छापून दारात लावली आणि लांब जाऊन बघितली, तर रेघेच्या कडा दातेरी. चित्रातले ठिपके आणखी बारीक करायला सांगितले. हात कच्चा, असं मनात आलं आणि मी चिडले, कारण आवाज माझा नव्हता.

संध्याकाळी घरी आले तेव्हा नाना खिडकीशी बसले होते. आई गेल्यापासून ते माझ्याकडेच असतात. त्यांचा हात आता थरथरतो. कप अर्धाच भरून द्यावा लागतो, आणि अर्धा कप दिसला की त्यांना अपमान वाटतो, म्हणून मी माझाही अर्धाच भरते. डोळे मात्र शाबूत आहेत. समोरच्या गच्चीवरची कपड्यांची दोरी एका अंगाला उतरलीय हे त्यांना इथून दिसतं, आणि ते दिवसातून एकदा तरी सांगतात.

"नाना, तुमचा आलेख उतरवला."

त्यांनी कप बशीत ठेवला. तो वाजत वाजत एकदाचा बसला.

"फाडला?"

"फाडतील कसा? मी आहे ना तिथं. गुंडाळून माझ्या टेबलावर ठेवलाय."

"आणि फ्रेम?"

"फ्रेम तीच. तिच्यात नवा जाणार. मी करतेय."

"तू करतेयस म्हणजे कोण करतंय? तू का मशीन?"

मला भयंकर राग आला. "तुमचा कोण काढायचं? तुम्ही का पेन?"

"पेन माझ्या बोटांत असायचं," नाना म्हणाले. "तू त्या तुझ्या पायथनला नुसतं सांगतेस. तो काढतो. तू चहा पीत बसतेस."

"चहा कसला पितेय! दिवसभर त्याच्या मागं लागले होते."

"अजगराच्या?"

"हो, अजगराच्या."

"वळतो का तरी सांगशील तसा?" नानांच्या ओठांच्या कडा हलल्या. एवढंच हसतात ते. मग पुन्हा खिडकीबाहेर बघत त्यांनी विचारलं, "कुठून बघणार आहेत?"

"दारातून. आणि टेबलाच्या पलीकडच्या टोकाहून."

"मग रेघ बारीक ठेवू नकोस. मी ठेवली होती तेवढी ठेव." त्यांनी रिकामा कप माझ्याकडे सरकवला. "शुक्रवारी मला घेऊन चल. बघतो."

त्या एका शब्दानं माझी झोप उडायला हवी होती, पण मी झोपले, गाढ झोपले, आणि सकाळी उठल्या उठल्या तो शब्द उशाशी बसलेला होता. बघतो. साहेब काय म्हणतील ह्याची मला फिकीर नव्हती. सभेला येणारे लोक चार्टकडे बघतील, चहाकडे बघतील, घरी जातील. पण नाना दारात उभे राहून डोळे बारीक करणार होते, आणि त्यांच्याच फ्रेममध्ये, त्यांनी जिथं आयुष्य घातलं त्या भिंतीवर, माझी रेघ असणार होती. ती त्यांना पटली नाही तर मी काढलेले आजवरचे सगळे चार्ट मशीननं काढलेले ठरतील. ते बोलणार नाहीत. घरी येऊन अर्धा कप चहा पितील आणि समोरच्या दोरीबद्दल बोलतील. ते मला सहन होणार नव्हतं, हे मला दात घासताना नीट कळलं.

बुधवारभर आणि गुरुवारी दुपारपर्यंत मी नानांचा आलेख टेबलावर पसरून बसले होते. त्यांच्या काळातले आकडे आता ह्या कागदाशिवाय कुठंच उरलेले नव्हते, तेव्हा एकेका ठिपक्याला पट्टी लावायची, उंची वाचायची, संगणकात भरायची. इतक्या जवळून तो आलेख मी पहिल्यांदाच बघत होते. पाणी चढत होतं, उतरत होतं, एका उन्हाळ्यात पार तळाशी टेकलं होतं. तो उन्हाळा मला आठवतो. आई बादलीच्या तळाला वाटी घासायची तो आवाज आठवतो, आणि नाना तलावावरून परत आल्यावर हात धुवायचे, अगदी थोड्या पाण्यात, ते आठवतं. कागदावर मात्र त्या उन्हाळ्याची रेघही तेवढीच शांत होती. हात कुठं कापलेला नव्हता. सांधा मला डोळ्यांनी एकही सापडला नाही. मग आजूबाजूला कुणी नाही हे बघून मी अंगठ्याचं नख फिरवलं, आणि एका ठिकाणी, अगदीच लक्ष दिलं तेव्हा, काहीतरी लागल्यासारखं वाटलं. वाटलं, एवढंच. मला एकाच वेळी हरल्यासारखं आणि छाती फुगल्यासारखं झालं. शेवटच्या टोकाला, निवृत्तीच्या आधीच्या महिन्यांत, ठिपक्यांशेजारी बारीक फुल्या होत्या. त्या मी ओळखल्या. मशीन नुकतं बसवलं होतं आणि त्याच्यावर कुणाचा विश्वास नव्हता, नानांचा तर मुळीच नाही. म्हणून मशीन चालू असतानाही ते रोज खांबाशी जाऊन स्वतः पाणी वाचत होते. महिनाभर मशीनचा आकडा जुळला की त्या महिन्याच्या ठिपक्याला फुली. सगळ्या ठिपक्यांना फुली होती. मशीन त्यांच्या परीक्षेत पास झालं होतं, आणि मग ते घरी आले होते.

गुरुवारी दुपारी सगळं जुळवून झालं. मंगळवारचे तुकडे मोडून मी एकच प्रोग्रॅम लिहिला: आधी नानांचे आकडे घे, रेघ काढ, जतन कर, मग मशीनचे आकडे घे, रेघ काढ, जतन कर. संगणक आपल्या मर्जीनं एका रेघेला निळा रंग देतो, दुसरीला नारिंगी. मी दोन्हींना काळा दिला. जाडी दोन्हींना नानांच्या रेघेची, पट्टीनं मोजून घेतलेली. पहिली फाईल उघडून बघितली. नानांचा आलेख, कागदाशिवाय. दुसरी उघडली नाही. पहिली बरोबर आली, आता दुसरी तिची सख्खी बहीण. तिच्यात काय बघायचं? छपाईच्या दुकानात पाठवून दिली आणि शिपायाला म्हटलं, काच चकचकीत ठेव.

शुक्रवारी सकाळी छापील गुंडाळी आली. मी मीटिंगच्या टेबलावर ती उलगडली, चारी कोपऱ्यांवर पेपरवेट ठेवले, आणि माझे कान गरम झाले. डावीकडून नानांची रेघ निघाली होती, तळाशी टेकलेल्या उन्हाळ्यासकट, आणि तशीच पुढे उजवीकडे माझी. दोन्ही एकाच कागदावर. काय झालं ते मला लगेच कळलं. जतन केलं म्हणजे संगणक कागद बदलतो असं नाही. आधीचं चित्र मिटव, असं त्याला वेगळं सांगावं लागतं, नाहीतर तो दुसरी रेघ त्याच कागदावर ओढतो. ते सांगायचं राहिलं होतं. मंगळवारच्या चुकीवर मी हसले होते, ह्या चुकीवर हसू येईना. साहेब आत आले. ते माझ्याहून बरेच लहान, माणूस चांगला, पण घाईत जन्मलेला.

"हे काय? जुनंपण आलंय की ह्यात."

"हो. जुनं चित्र मिटवायचं राहिलं."

"म्हणजे चूक झालीय?"

"झालीय."

"मग दुकानाला फोन करा ना. सभा दुपारी आहे, होईल दुसरा छापून."

मी फोन हातात घेतला. आणि तेवढ्यात, खरं तर नुसतंच बघायचं म्हणून, मी दोन रेघा जिथं मिळायला हव्यात तिथं बोट नेलं. बोट फिरत राहिलं. मला ती जागा सापडेना. ज्या महिन्यांत नाना आणि मशीन दोघंही पाणी वाचत होते, ते महिने दोन्हीकडे होते. तिथं माझी रेघ त्यांच्या रेघेवर तंतोतंत बसली होती आणि मग तिच्यातून निघून पुढे गेली होती. रंग तोच, जाडी तीच. ही चूक मी केली होती, पण हे जुळणं चुकून झालेलं नव्हतं. नाना रोज खांबाशी गेले होते म्हणून ते जुळलं होतं, आणि मी पट्टी लावून एकेक ठिपका वाचला होता म्हणून. तळापासून काहीतरी वर येत होतं. अभिमान म्हणतात तो हाच असेल, तर एवढा मला आजवर कधी झाला नव्हता, आणि मला वाटत होतं मला त्याची चांगली ओळख आहे.

"साहेब, हाच लावायचा."

"अहो, तुम्हीच म्हणालात चूक आहे."

"चूक माझी आहे. चार्ट बरोबर आहे."

साहेबांनी चार्टकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं. "तलाव तोच आहे म्हणा," ते म्हणाले. "पण सभेत कुणी विचारलं तर उत्तर तुम्ही द्यायचं." मी म्हटलं, देईन.

जेवणाच्या सुट्टीत टॅक्सी करून मी नानांना घेऊन आले. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. जिन्यात त्यांनी माझा हात धरला नाही, कठडा धरला. शिपायानं त्यांना बघून हातातला टॉवेल खांद्यावर टाकला, "नाना!" म्हणाला, आणि खुर्ची पुढं केली. नाना बसले नाहीत. ते मीटिंगच्या खोलीच्या दारात उभे राहिले, जिथं उभं राहायचं तिथं, आणि त्यांनी डोळे बारीक केले. मी त्यांच्या मागं होते, मला त्यांचा फक्त मानेचा भाग दिसत होता, कॉलरवर आलेले पांढरे केस. चार्टकडे मी बघितलं नाही. बोलायला तोंड उघडलं होतं, अक्ष, आकडे, मिटवायचं राहिलेलं चित्र, सगळं जिभेवर होतं, आणि कधी नव्हे ते मी तोंड मिटलं.

मग नाना टेबलाच्या कडेनं चालत भिंतीशी गेले. उजव्या हाताचा अंगठा वर केला आणि नख काचेवर टेकवलं. हात थरथरत होता, त्यामुळे नख काचेवर टिकटिक वाजत होतं. डावीकडून सुरुवात करून ते रेघेबरोबर निघाले, चढावर चढले, त्या उन्हाळ्यात खाली उतरले आणि तिथं थोडे थांबले. पुढे निघाले. मशीनचे महिने आले, गेले. टिकटिक थांबली नाही. ते माझ्या वर्षांमध्ये कधी शिरले ते त्यांना कळलं नाही. पार उजव्या टोकाला पोचल्यावर त्यांनी वळून बघितलं.

"माझं कुठं संपलं?"

"शोधा की," मी म्हटलं. माझा आवाज जरा चढाच लागला.

ते शोधायला लागले. उजवीकडून डावीकडे आले, नाक काचेला लागेल इतके जवळ जाऊन. श्वासानं काच धुरकटली ती त्यांनी बाहीनं पुसली. पुन्हा उजवीकडे गेले. शिपायानं माझ्याकडे बघितलं, मी त्याला मान हलवून गप्प राहायला सांगितलं. शेवटी नानांनी अंगठा खाली घेतला. शर्टाच्या खिशावर हात ठेवला, जिथं पूर्वी पेन असायचं. "हं," ते म्हणाले.

शिपायाला राहवलं नाही. "नाना, ह्यातलं तुमचं किती आणि मॅडमचं किती?"

नाना त्याच्याकडे वळले. ताठ उभे होते. "माझं काय त्यात?" ते म्हणाले. "सगळी रेघ तिनं ओढलीय. माझ्या मुलीनं. हातानं."

हे खरं नव्हतं. अर्धी रेघ त्यांची होती, आणि हातानं तर मी त्यातलं काहीच ओढलं नव्हतं. पण मी दुरुस्त केलं नाही.